नाका आणि शेपूट

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतल्या माणसाला नाका म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. पेडण्याच्या टोकाला पत्रादेवी, डिचोलीच्या अंगाला दोडामार्ग. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला, पण सोयरिकी काही गेल्या नाहीत. अजूनही बहीण बांद्याला दिलेली असते, मामा सावंतवाडीला असतो आणि कुळारचा निम्मा गोतावळा दोडामार्गाच्या पलीकडे. त्यामुळे पिशवीत काय आहे, ते कशाखाली ठेवलंय आणि कुणी विचारलंच तर काय सांगायचं, हे ज्ञान आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. एक टेलिफोन खातं तेवढं शहाणं निघालं. त्याच्या नकाशात महाराष्ट्र आणि गोवा हे एकच सर्कल आहे, त्यामुळे मोबाइलला अजून कुणी पत्रादेवीला उतरवून घेतलेलं नाही.

अशा मुरलेल्या माणसांना आउटलुकसारख्या ईमेलच्या प्रोग्रामने अडवावं आणि त्यांनी भांबावून जावं, हे खरं तर शोभत नाही. पण होतं तसंच.

मेल येते. यादीत तिच्या नावाशेजारी टाचणीचं चित्र दिसतं, म्हणजे सोबत काहीतरी आहे. उघडावी तर आत ‘सोबतची फाइल पाहावी’ एवढा मजकूर, खाली पाठवणाऱ्याचं नाव आणि वरच्या बाजूला एक पट्टी: अमुक नावाची फाइल धोकादायक असण्याची शक्यता आहे, सबब ती अडवण्यात आली आहे. मग फाइल गेली कुठे? कुठेच नाही. ती त्या मेलमध्येच आहे, मेलच्या वजनात तिचं वजनही धरलेलं आहे, फक्त तुम्ही तिला हात लावायचा नाही. अबकारीवाले पकडलेला माल निदान टेबलावर मांडून त्याच्यासोबत फोटो तरी काढतात. इथे तेवढंही नाही.

आमच्या भागात यावरून भांडण पेटायचं राहील, तरच नवल. गोव्यातली देवस्थानं अजून पोर्तुगीज काळातल्या, १९३३ सालच्या नियमांवर चालतात. मामलेदार हा त्यांचा प्रशासक, आणि महाजन कोण नि कोण नाही याची यादी हा त्यातला सगळ्यांत नाजूक कागद. त्या यादीत नाव असण्यावरून सख्खे चुलते एकमेकांशी बोलायचे थांबतात. एका देवस्थानाच्या सेक्रेटरींनी, निवृत्त मास्तरांनी, पुतण्याला धरून ती सगळी यादी संगणकावर चढवून घेतली. पुतण्या हुशार, त्याने ती अ‍ॅक्सेस नावाच्या प्रोग्रामात बसवली. समितीच्या निवडणुकीआधी मुंबईच्या एका महाजनाने यादी मागितली, मास्तरांनी तत्परतेने पाठवली. आता अ‍ॅक्सेसच्या जुन्या धाटणीच्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘.एमडीबी’ असं असतं, आणि आउटलुकच्या काळ्या यादीत हे शेपूट पहिल्यापासून आहे. मुंबईकराला दिसली नुसती टाचणी.

“मास्तर, फायल खंय आसा?”

“धाडल्या मरे!”

“म्हाका दिसना.”

“धाडल्या म्हणटां न्हय?”

“धाडल्या जाल्यार ती लिपयली कोणें?”

फाइल कुणी लपवली, या प्रश्नावर दोन्हीकडून बरेच दिवस पत्रव्यवहार चालला, तो अर्थात ईमेलवरच. मास्तर पुन्हा पाठवायचे, यादी पुन्हा अडायची, आणि मुंबईकडे संशय पुन्हा दाट व्हायचा. शेवटी मास्तरांनी यादीच्या छापील प्रती काढल्या आणि मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या बसच्या क्लीनरकडे पुडकं दिलं. ते मात्र पत्रादेवीवरून बिनबोभाट पार झालं. महाजनांच्या यादीत कोकण पेटवण्याइतका दारूगोळा असतो हे नाक्यावर कुणाच्या लक्षात आलं नाही. आउटलुकच्याही लक्षात आलं नव्हतं; त्याने अडवली ती निराळ्याच कारणासाठी.

कारण असं की हा नाक्यावरचा शिपाई पिशवीत हात घालतच नाही. तो नावाचं शेपूट बघतो. फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जी दोन-चार अक्षरं येतात, तेवढीच. ‘.इएक्सई’, ‘.बीएटी’, ‘.व्हीबीएस’, ‘.जेएस’, ‘.आरईजी’, ‘.एससीआर’ अशा शेपटांची लांबलचक यादी त्याला दिलेली आहे. त्यांतलं शेपूट दिसलं की बाजूला घे. या साऱ्यांत एक समान गोष्ट आहे. ही कागदपत्रं नसतात, कामं असतात. चिठ्ठी उघडली की वाचून होते; या फाइली उघडल्या की संगणकाला हुकूम सोडतात. अ‍ॅक्सेसच्या फाइलमध्येही यादीच्या जोडीला असे हुकूम लिहून ठेवता येतात, म्हणून बिचारी महाजनमंडळी चोरांच्या रांगेत उभी राहिली. आत काय आहे ते तपासण्याचं काम व्हायरस शोधणाऱ्या निराळ्या प्रोग्रामचं. ते मोपा विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्राचं खातं. आउटलुकचं खातं रस्त्यावरचं.

या यादीतलं माझं आवडतं शेपूट मात्र ‘.एलएनके’. हा शॉर्टकट. संगणक उघडल्यावर पडद्यावर जी चित्रं दिसतात, त्यांतली बरीचशी फाइली नसतातच, फाइलपर्यंत नेणारी दारं असतात. जत्रेची निमंत्रणपत्रिका सुंदर सजवून झाल्यावर भाविक कार्यकर्ता पडद्यावरचं ते चित्र उचलतो आणि मेलमध्ये सोडतो. जातं काय, तर निमंत्रण त्याच्या घरच्या संगणकात कुठल्या कप्प्यात आहे याचा पत्ता. आउटलुक तेही अडवतं, आणि कार्यकर्ता आउटलुकला शिव्या घालतो. अडवलं नसतं तरी लोकांना जत्रेचा दिवस कळला नसताच. शॉर्टकटमधूनही हुकूम सोडता येतात, म्हणून तो काळ्या यादीत. पण शेकडो निष्पाप पत्ते त्यापायी अडकून पडतात हेही खरं.

मेलला फाइल जोडायची सोय तशी फार जुनी नाही. ११ मार्च १९९२ रोजी नॅथॅनियल बोरेनस्टाइन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने, आज सगळं जग वापरतं त्या पद्धतीने, पहिली जोडपत्रं पाठवली. काय होतं त्यांत? त्याच्या चौघांच्या हौशी गायनमंडळाचा एक फोटो आणि त्यांनी म्हटलेलं गाणं. आमच्या पेडण्याच्या भजनी मंडळांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही. इतक्या सोज्वळ मुहूर्तावर सुरू झालेल्या गोष्टीला नाके बसवायची वेळ यायला नऊ वर्षंही लागली नाहीत.

४ मे २००० या दिवशी जगभरातल्या मेलपेट्यांत ‘आय लव्ह यू’ अशा विषयाची पत्रं येऊन पडायला लागली. सोबत प्रेमपत्र म्हणून जोडलेली फाइल. तिचं नाव असं रचलं होतं की शेवटी आधी ‘.टीएक्सटी’ यावं, म्हणजे निव्वळ मजकूर, आणि मग खरं शेपूट, ‘.व्हीबीएस’. विंडोजची सवय अशी, की ओळखीचं शेपूट ते आपणहून झाकून ठेवतं. त्यामुळे बघणाऱ्याला दिसलं फक्त साधं मजकुराचं शेपूट, खरं झाकलेलंच राहिलं. ज्याने उघडलं त्याच्या पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला तेच प्रेमपत्र गेलं. साहेबांनी कारकुनाला, बँकेने खातेदाराला, मंत्र्याने विरोधी पक्षाला प्रेम कळवलं. ब्रिटिश पार्लमेंटने आपली मेलव्यवस्थाच बंद करून ठेवली. हे पत्र लिहिणारा निघाला मनिलातला एक तरुण विद्यार्थी, आणि फिलिपिन्समध्ये अशा गुन्ह्याला लागू पडेल असा कायदाच तेव्हा नसल्यामुळे तो सुटला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली ९ जून २००० ला आणि तो अमलात आला १७ ऑक्टोबरला. त्याच जून महिन्यात मायक्रोसॉफ्टने आउटलुकसाठी सुरक्षेची दुरुस्ती काढली आणि शेपटांचा नाका बसवला.

पत्रादेवीचं नाव अशा थट्टेत घेताना मला थोडं जपूनच घ्यावंसं वाटतं. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, पंजाबहून आलेले कर्नैलसिंग तिथे पडले. त्याला बरोब्बर चाळीस वर्षं झाली, त्या १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं. तारखांचा योगायोग आहे, त्यातून काही काढायला जाऊ नये. पण हद्द हा शब्द आमच्याकडे हसण्यावारी न्यायचा नसतो, एवढं नव्या पिढीने ध्यानात ठेवावं.

तर इंटरनेट आलं, आणि त्यामागोमाग आखातातल्या भावांच्या मेली आल्या. चवथीला माटोळी बांधून होते न होते तोच कुवेतहून गणपती यायचा, हलणारा, समईच्या ज्योती फडफडवणारा, आरती वाजवणारा. हा गणपती म्हणजे बहुतेक वेळा ‘.इएक्सई’ नाहीतर ‘.एससीआर’, म्हणजे पडदा रिकामा पडला की नाचणारा स्क्रीनसेव्हर. नाका बसल्यावर पहिल्या झटक्यात हे सगळे देव अडले. घरोघरच्या म्हाताऱ्यांना ते पटलं नाही. “देवाक आडयतात हे?” असा प्रश्न विचारला गेला, आणि त्याचं उत्तर संगणकाच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

आता नाका म्हटला की पळवाट आलीच. इन्सुलीचा अबकारी तपासणी नाका आमच्या लोकांना पाठ आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात प्यायलादेखील परवाना लागतो, आणि गोव्याच्या बाटलीवर तर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेलं. म्हणून मोठे व्यापारी काय करतात ते वर्तमानपत्रांत येतंच: भाजीच्या क्रेटखाली खोके, ट्रकच्या तळाला चोरकप्पा. घरगुती माणसाचा मार्ग साधा. मार्च-एप्रिलात हुर्राक निघाला की तो पाण्याच्या बाटलीत भरायचा आणि बाटलीवरचं लेबल तसंच ठेवायचं. बाहेरून पाणीच. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तिची ओळख अधिकृत झाली खरी, पण प्रवासात ती ओळख शक्यतो दाखवायची नसते.

आउटलुकच्या नाक्यावर नेमकं हेच चालतं. मास्तरांच्या पुतण्याला हे आधीच सुचायला हवं होतं. फाइलचं नाव बदलून ‘.एमडीबी’च्या जागी ‘.टीएक्सटी’ करायचं आणि मेलमध्ये लिहायचं, ‘मिळाल्यावर शेपूट पुन्हा पूर्वीचं लावून घ्या.’ शिपाई मजकूर समजून सोडून देतो. नाहीतर झिपच्या पिशवीत कोंबून पाठवायचं. आउटलुक पिशवीच्या आत बघत नाही. (जीमेल मात्र बघतं. झिपमध्ये लपवलेली ‘.इएक्सई’ ते बरोबर ओढून काढतं, आणि फेब्रुवारी २०१७ पासून ‘.जेएस’लाही त्याने बंदी घातली.) किंवा फाइल वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवायची आणि मेलमधून नुसता दुवा द्यायचा. मौज म्हणजे ह्या तिन्ही वाटा खुद्द मायक्रोसॉफ्टच्याच मदत-पानावर लिहिलेल्या असतात. नाका बसवणाऱ्यानेच आडवाटेची पाटी लावायची, एवढा उदार सरकारी अंमल आम्ही अजून पाहिलेला नाही.

चौथीही एक वाट आहे, पण ती थेट साहेबाच्या कचेरीतून जाते. विंडोजच्या पोटात रजिस्ट्री नावाची भलीमोठी दप्तरवही असते. तिच्यात वापरणाऱ्याच्या नावाखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, आवृत्तीचा आकडा, आउटलुक, सिक्युरिटी अशा पायऱ्या उतरत गेलं की ‘लेव्हल१रिमूव्ह’ नावाची ओळ लिहिता येते. तिच्यापुढे ‘.एमडीबी’ असं लिहिलं, आउटलुक बंद करून पुन्हा चालू केलं, की ते शेपूट काळ्या यादीतून सुटतं. अगदीच मोकाट नव्हे: फाइल आधी जतन करायची, मगच उघडायची, एवढी अट राहते. आवृत्तीचा आकडा २००७ च्या आउटलुकला १२.०, २०१० च्याला १४.० आणि २०१६ पासून पुढे १६.०. तेरा आकडा मधून गायब आहे. तो अपशकुनी म्हणून गाळला. शास्त्रनिष्ठ अमेरिकेने एवढं पाळावं हे ऐकून आमच्या गावचे भटजी फार खूश झाले.

ही सूट कशी असते हे समजायला आम्हाला लांब जावं लागत नाही. २०१३ साली गोवा सरकारने परराज्यातल्या गाड्यांवर प्रवेशकर लावला. सिंधुदुर्गातून एकच गदारोळ उठला. रोज दूध, भाजी, पेशंट आणि पाहुणे घेऊन येणाऱ्या माणसाने दर वेळी पैसे का भरावे? मग एमएच-०७ पाटीच्या गाड्यांना सूट मिळाली. पाटी बघून आत सोडायचं. आत कोण बसलंय ते नाही बघायचं. रजिस्ट्रीतली ती ओळ म्हणजे तुमच्या संगणकापुरती एमएच-०७ची सूट. ती मास्तरांच्या यादीला जेवढी लागू, तेवढीच उद्या कुणा अनोळखी माणसाने पाठवलेल्या त्याच शेपटाच्या फाइलला लागू. कचेरीतला संगणक असेल तर तुम्ही ती ओळ लिहूनही उपयोग होणार नाही कदाचित, कारण कंपनीच्या व्यवस्थापकाने वरून कुलूप लावलेलं असेल तर खालच्या किल्ल्या चालत नाहीत. त्याच्याशी वाद घालू नये. तो मामलेदार आहे.

मला विचाराल तर हा नाका अर्धवट आहे, आणि तरीही तो असू द्यावा. शेपूट बघून माणूस ओळखता येत नाही हे खरं. पण मे २००० मध्ये ज्यांनी प्रेमपत्र उघडलं त्या सगळ्यांना शिपायाने नुसतं ‘थांबा’ म्हटलं असतं, तर निम्मे तरी भानावर आले असते. नाक्याचं खरं काम जप्तीचं नसतंच. गाडी हळू होते, काच खाली करावी लागते, आपण काय घेऊन निघालोय हे क्षणभर आपल्यालाच आठवतं. जी तक्रार करावीशी वाटते ती वेगळीच आहे: दिसत नाही म्हणून लोक पाठवणाऱ्यावर संशय घेतात आणि दिसतं म्हणून आलेल्यावर विश्वास ठेवतात. दोन्ही उलट हवं.

हा उलटेपणा लग्नपत्रिकेत जितका दिसतो तितका कुठे दिसत नाही. सालाझारच्या राजवटीत गोव्यात छापल्या जाणाऱ्या ओळीन् ओळीला सेन्सॉरची संमती लागायची, आणि त्यातून लग्नाची निमंत्रणपत्रिकाही सुटत नसे. अमक्याची कन्या आणि तमक्याचे चिरंजीव यांचा शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे, याला सरकारी शिक्का! आमच्या आज्यांच्या लग्नांवर हसता हसता ही गोष्ट सांगितली जायची: पत्रिकेत राज्य उलथवण्यासारखं काय असतं म्हणे? २०२४ च्या लग्नसराईत मात्र देशात ठिकठिकाणच्या पोलिसांना लग्नपत्रिकांबद्दलच इशारे द्यावे लागले. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येते, नाव झकास, शेवटी ‘.एपीके’. ती पत्रिका नसते, फोनमध्ये बसणारं अ‍ॅप असतं. दाबलं की ते फोनमधले संदेश वाचायला लागतं, बँकेचे ओटीपीसुद्धा. जीमेल ‘.एपीके’ उंबऱ्यावरच अडवतं, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या रस्त्यावर तो शिपाई उभा नाही. अहेराची रक्कम मग पाहुण्याने ठरवायची राहत नाही.

आणि आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण कुणाचंही येऊ शकतं, इथेच तर सगळी अडचण. पेडण्यात ‘हा कोण?’ असा प्रश्न विचारणं म्हणजे नातं नाकारणं. कोरगावच्या मावसभावाच्या मेहुण्याचा मुलगा असेलही. म्हणून पत्रिका उघडली जाते. डिचोलीत तर बाजारात भेटलेल्या माणसाला घरी बोलावल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांना अनोळखी नंबर म्हणजे अजून ओळख न झालेला नातेवाईक वाटतो. एवढ्या अगत्यावर कुठल्याही कंपनीची सुरक्षा-दुरुस्ती चालणार नाही.

तेव्हा एवढं करा. संगणकात फाइलींची शेपटं झाकलेली असतील तर ती आधी उघडी करा. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ नावाची खूण आहे, तिच्यावर टिचकी मारली की झालं. आउटलुकने काही अडवलं तर पाठवणाऱ्याला फोन करा, आणि ‘लिपयली कोणें’ असं न विचारता ‘शेवटी काय लिहिलंय’ असं विचारा. ‘लेव्हल१रिमूव्ह’ची ओळ कुणाकडून लिहून घेतली असेल तर काम झाल्यावर तिच्यातलं ते शेपूट पुसून टाका. लग्नाची पत्रिका ‘.पीडीएफ’ किंवा फोटो असेल तर नवरा-नवरीची नावं वाचा, ‘.एपीके’ असेल तर नुसती पुसा, आणि खरंच कुणी नातेवाईक निघाला तर तो घरी बोलवायला येईलच, नारळ आणि अक्षता घेऊन. उघडून बसलातच, तर लाजू नका: सायबर फसवणुकीसाठी देशभर १९३० हा एकच नंबर आहे, आणि तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी खात्यातून गेलेली रक्कम मधेच रोखली जाण्याची आशा जास्त.